लांब, बारीक सिगार: निवडायचा कसा आणि घाई न करता ओढायचा कसा

माझा पहिला लान्सेरो मी अक्षरशः वाया घालवला. दुबईहून आलेल्या मित्राने दिलेला, लांब, बारीक, टोकाला शेंडीसारखा पीळ असलेला, आणि मी तो गच्चीवर उभा राहून गप्पा मारत सिगारेटसारखा ओढला, वीस मिनिटांत अर्ध्याच्या पुढे गेलो, तोंड कडूजहर झालं, डोकं गरगरायला लागलं आणि वर त्यालाच म्हटलं की अरे तुझा माल काही खास नाही. माल उत्तम होता, ओढणारा गाढव होता. हे कळायला पुढची दोनेक वर्षं गेली, म्हणून जे कळलं ते इथे एकदाच लिहून टाकतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो म्हणजे पुढे मधेमधे घुसवायला नको. सिगारचा धूर छातीत घेत नाही म्हणून तो सेफ, असं काही नसतं. तोंड, घसा, अन्ननलिका, फुप्फुस सगळीकडे कॅन्सरचा धोका वाढतो. आत्ता ओढत नसाल तर हे वाचून सुरू करू नका, आणि अठराच्या खालचे असाल तर पान बंद करा. मी स्वतः महिन्यातून एखाद-दुसरा ओढतो, त्यापेक्षा जास्त नाही.

तर लान्सेरो म्हणजे काय. सिगारची जाडी रिंग गेजमध्ये मोजतात, एक रिंग म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग, म्हणजे 64 रिंगचा सिगार बरोबर एक इंच जाड. रोबुस्तो हा नेहमीचा आकार, तो असतो 50 रिंगचा, म्हणजे साधारण 20 मिलिमीटर. लान्सेरो 38 रिंगचा, म्हणजे 15 मिलिमीटर, आणि लांबी 192 मिलिमीटर, साडेसात इंच. फूटपट्टी घेऊन बघा एकदा, हातात धरल्यावर विचित्रच वाटतो. पानेतेला हा त्याचा चुलतभाऊ, जाडी अशीच 34 ते 38 च्या आसपास पण लांबी कमी, पाच ते सात इंच. दुकानात नुसतं "बारीक सिगार दाखवा" म्हणालात तर मशीनवर बनलेले छोटे सिगारिलो पुढे करतील, पत्र्याच्या डबीत दहा-वीस येतात ते. ते वेगळं प्रकरण आहे, त्यात बहुतेक वेळा तंबाखूचा चुरा असतो. आपल्याला हवाय तो हाताने वळलेला आणि आत अख्खी लांब पानं असलेला. विचारताना "लाँग फिलर, हँडमेड" असं विचारा.

हा आकार प्रसिद्ध झाला तो क्युबात. फिडेल कॅस्ट्रोचा एक बॉडीगार्ड आपल्या मित्राने वळलेले सिगार ओढायचा, कॅस्ट्रोने एकदा त्याच्याकडून घेऊन ओढून बघितला, आवडला, आणि मग साठच्या दशकात हवानाच्या कडेला एल लागितो नावाच्या जुन्या हवेलीत त्यासाठी वेगळी फॅक्टरीच निघाली. तिथे सिगार वळायला मुद्दाम बायकांना शिकवलं गेलं. तोच पुढे कोहिबा ब्रँड झाला. बरीच वर्षं तो बाजारात मिळतच नव्हता, परदेशी पाहुण्यांना आणि राजदूतांना भेट म्हणून जायचा, विक्रीला आला 1982 मध्ये. लान्सेरोच्या साच्याचं फॅक्टरीतलं नाव अजूनही लागितो नंबर 1 असंच आहे. आणि ज्याच्यामुळे हे सगळं झालं त्या कॅस्ट्रोने 1985 मध्ये सिगार सोडला. असो.

आता बारीकच का? जाड सिगार सोपा असतो, भरपूर धूर देतो, चुका पोटात घालतो, आणि गेली वीसेक वर्षं बाजार जाड सिगारकडेच पळतोय, 60 रिंगचे दंडुके विकले जातात. पण चवीचा मोठा वाटा येतो सगळ्यात बाहेरच्या पानातून, रॅपरमधून, कारण सिगारमधलं सगळ्यात निवडक आणि महाग पान तेच. करंजी लहान केली की सारणापेक्षा पारीची चव पुढे येते ना, तसंच. गणित सोपंय, आतल्या तंबाखूच्या मानाने रॅपर किती हे जाडीच्या उलट प्रमाणात जातं, म्हणजे 54 रिंगच्या सिगारपेक्षा 38 मध्ये रॅपरचं प्रमाण 42 टक्क्यांनी जास्त. तोच ब्रँड, तीच पानं, आधी जाड ओढा आणि दुसऱ्या दिवशी बारीक, फरक लगेच कळतो.

यातून निवडीचा पहिला नियम निघतो. लान्सेरो घेताना ब्रँडच्या आधी रॅपर बघा. फिकट तपकिरी कनेक्टिकट रॅपर असेल तर चव मऊ, थोडी साय आणि गवताकडे जाणारी, हबानो किंवा कोरोहो असेल तर मिरीसारखा तिखटपणा, काळपट मादुरो असेल तर कोको, जळकी साखर, कॉफी. ज्या रॅपरचा जाड सिगार तुम्हाला आवडत नाही त्याचा लान्सेरो तर अजिबातच आवडणार नाही, कारण तिथे तेच पान ओरडून बोलणार.

दुसरी गोष्ट बनवणाऱ्याच्या हाताची. जाड सिगारमध्ये आत एखादं पान दुमडलं, गाठ आली, तर धूर बाजूने वाट काढतो. 15 मिलिमीटरच्या नळीत बाजूच नसते, गाठ आली की वाट बंद. त्यात आत पानंही मोजकीच बसतात, तीन-चार वेगवेगळ्या ताकदीची पानं त्या अरुंद जागेत नीट बसवायची, आणि त्यातलं सगळ्यात कडक पान, लिगेरो म्हणतात त्याला, ते सावकाश जळतं म्हणून बरोबर मधोमध हवं. ते एका बाजूला सरकलं की ती बाजू मागे राहते आणि सिगार तिरका जळतो. म्हणून फॅक्टरीत हे काम नवशिक्याला देत नाहीत, अनुभवी वळणाऱ्यांकडेच जातं. चांगले वळणारे प्रत्येक पानाची आधी सैल सुरळी करतात आणि अशा सुरळ्या एकत्र बांधतात, त्यामुळे हवेला लांबच लांब वाटा राहतात. घाईचं काम असेल तर सगळी पानं पुस्तकासारखी एकावर एक ठेवून दुमडतात, तेही चालतं पण बारीक सिगारमध्ये फसायची शक्यता जास्त.

दुकानात हे सगळं बाहेरून कसं ओळखायचं? मी असं करतो. आधी दुकानदाराला विचारतो हात लावू का, कारण न विचारता सिगार दाबत सुटणारा गिऱ्हाईक कुणालाच आवडत नाही, आणि नाकाला लावून वास घेणारा तर त्याहून नाही. मग अंगठा आणि दोन बोटांमध्ये हलकेच धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकत जातो, दाबायचं नाही, पिकलेला आंबा चाचपतो तेवढाच जोर. सगळीकडे सारखं लागलं पाहिजे. मधेच खडा लागला तर तिथे धूर अडणार, मधेच पोकळ लागलं तर तिथे भसाभस जळणार आणि गरम होणार. सगळ्यात जास्त लक्ष टोपीपासून, म्हणजे तोंडात धरायच्या बंद टोकापासून, खाली दोन इंच, ड्रॉ, म्हणजे ओढताना धूर येण्याची मोकळीक, अडकतो तो बहुतेक तिथेच, शिवाय तिथली अडचण शेवटपर्यंत तुमच्यासोबत राहते.

मग नजर. रॅपरचा पीळ एकसारखा वर चढत गेलेला दिसला पाहिजे, शिवण उचकटलेली नको, जाड शिरा नकोत. जाड सिगारवर एखादी शीर चालून जाते, बारीकवर तीच शीर जळण्याची रेषा वाकडी करते. हलकीशी तेलकट चमक हवी. पांढरी बारीक भुकटी दिसली आणि ती बोटाने पुसून जात असेल तर लोक तिला बहर, म्हणजे पानातून वर आलेलं तेल, म्हणतात, पण ती बुरशीही असू शकते, आणि लोकरीसारखी, निळसर-हिरवट किंवा उघड्या टोकातून आत शिरलेली असेल तर ती बुरशी, ठेवून द्या परत. टाचणीएवढं गोल भोक दिसलं तर तो तंबाखूचा किडा, आणि तो सिगार तर नकोच पण त्या डब्यातला दुसराही नको. शेवटी पायाकडून, म्हणजे पेटवायच्या टोकाकडून बघा, पानांच्या घड्या गोल गोल आणि मधे बारीक जागा असलेल्या दिसल्या तर चांगलं, गच्च काळा ठिपका दिसला तर शंका घ्या. टोकाची शेंडी मात्र दिसायला छान एवढंच, तिच्यावरून दर्जा ठरवू नका, हल्ली कुणीही शेंडी काढतं.

आणि एकदम डबा घेऊ नका. दोन घ्या, ओढा, मग ठरवा. बारीक सिगारमध्ये एकाच डब्यातले दोन सख्खे भाऊसुद्धा वेगळे निघतात.

कुठल्यापासून सुरुवात करायची? क्युबन लान्सेरोच्या मागे लगेच लागू नका असं माझं मत. कोहिबा आणि त्रिनिदाद हे दोन्ही क्युबन ब्रँड 2022 मध्ये जगभर प्रचंड महाग केले, आणि जिथे भाव तिथे नकली माल. निकाराग्वाचा ओलिवा सेरी व्ही लान्सेरो, सात इंच बाय 38, दमदार आणि त्या मानाने आवाक्यातला. मऊ चव हवी असेल तर दाविदॉफचा सिग्नेचर नंबर 2, सहा इंच बाय 38, हा पानेतेला आहे आणि नवख्याला लांबीही झेपते. दाविदॉफ आधी क्युबातच सिगार बनवायचे, भांडण झालं आणि नव्वदच्या सुमारास डोमिनिकन रिपब्लिकला गेले, पण बारीक आकार सोडले नाहीत, त्याबद्दल मला त्यांचं कौतुक आहे.

क्युबन घ्यायचाच असेल तर सुटा कुठूनही घेऊ नका. मी एकदा मुंबईत एका पानवाल्याकडून "कोहिबा" घेतलेला, सिगारवरची कागदी पट्टी चकचकीत, आत केळीच्या वाळक्या पानासारखं काहीतरी, दोन झुरक्यांत टाकून दिला. डब्यावर हिरवा सरकारी हमीचा शिक्का हवा, तळाशी "एचो एन कुबा, तोतालमेंते आ मानो" (क्युबात, पूर्णपणे हाताने बनवलेलं) हे शब्द खोदलेले किंवा जाळून उमटवलेले हवेत, शिवाय फॅक्टरीचा कोड आणि महिना-वर्ष. आणि काचेचं झाकण असलेला कोहिबाचा डबा दिसला तर हसून पुढे जा, तसा डबा कंपनी बनवतच नाही. परदेशातून येणाऱ्या नातेवाईकाला सांगणार असाल तर आपल्याकडे येताना 25 सिगारपर्यंत ड्युटी लागत नाही, त्यापुढे लागते, त्या बिचाऱ्याला उगाच ग्रीन चॅनेलमध्ये अडकवू नका.

आपल्याकडेही लांब बारीक तंबाखूची परंपरा आहे बरं का. मराठीत जुनी माणसं ज्याला चिरूट म्हणतात तो शब्द मूळ तमिळ "सुरुट्टु" वरून आलेला, त्याचा अर्थच गुंडाळलेलं, आणि तिरुचिरापल्लीचे चिरूट इंग्रजांच्या काळात थेट विलायतेला जायचे. पण ते दोन्हीकडून कापलेले, उग्र, मोकळ्या पिळाचे, लान्सेरोची मजा त्यात शोधू नका.

आता घरी आणल्यावर. इथे आपल्या हवेचा खरा खेळ आहे. मुंबई-कोकणात पावसाळ्यात हवेत 85-90 टक्के दमटपणा, सिगार स्पंजसारखा फुगतो आणि बारीक सिगार फुगला की ड्रॉ संपलाच. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात उलटं, आठवड्यात कडकडीत वाळून रॅपर चिरतो. लाकडी ह्युमिडॉर, म्हणजे ओल राखणारी सिगारची पेटी, घ्यायची गरज नाही, शिवाय छोट्या ह्युमिडॉरमध्ये 192 मिलिमीटरचा सिगार मावतच नाही, मी घेतला आणि मग तिरके ठेवत बसलो. किचनमधला चारी बाजूंनी क्लिपा लागणारा, आत रबर असलेला प्लॅस्टिकचा डबा घ्या, आतून किमान आठ इंच लांब, नवा घ्या, मसाल्याचा जुना नको, गरम मसाल्याचा वास सिगारला कायमचा बसतो. त्यात ओल कमी झाली की सोडणारी आणि जास्त झाली की शोषणारी पुडी टाका. जाड सिगारला लोक 69 टक्क्यांची वापरतात, बारीकला मी 62 किंवा 65 चीच सांगेन, थोडा कोरडा लान्सेरो जास्त मोकळा ओढला जातो. नवीन आणलेला सिगार त्या डब्यात किमान तीन आठवडे राहू द्या. मला माहितीये कुणी राहू देत नाही, पण द्या.

डब्यात ठेवलेला ओल मोजायचा मीटर खरं बोलतो का ते बघायचं असेल तर बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा, पाणी तरंगायला नको, ते आणि मीटर एका बंद पिशवीत रात्रभर ठेवा, 75 दाखवला पाहिजे. जेवढा फरक तेवढा लक्षात ठेवायचा. आणि उन्हाळ्यात खोली पंचविशीच्या वर गेली की पानात असलेली किड्यांची अंडी फुटू शकतात, तेव्हा डबा घरातल्या सगळ्यात गार कपाटात. संशय असेल तर झिप पिशवीत घट्ट बंद करून एक दिवस फ्रिज, तीन दिवस फ्रीझर, परत एक दिवस फ्रिज, मग बाहेर. थेट फ्रीझरमधून बाहेर काढलात तर रॅपर तडकेल.

ओढायचा दिवस. पोटभर जेवून. रिकाम्या पोटी नको म्हणजे नको, निकोटिन चढलं की घाम फुटतो, मळमळतं, अशा वेळी गुळाचा खडा किंवा साखर तोंडात टाकून बसून राहायचं. हाताशी दीड तास मोकळा हवा. पंखा बंद. हो, पंखा बंद, आपल्याकडच्या सिलिंग फॅनखाली कुठलाही सिगार सरळ जळत नाही, आणि गच्चीवर वारा असेल तर भिंतीच्या आडोशाला बसा. पब्लिक जागेत कायद्याने बंदी आहे ते वेगळंच.

कापताना अगदी थोडं. शेंडी असेल तर ती बोटाने हळू पिळली की बऱ्याचदा अलगद निघते आणि खाली छोटंसं भोक मिळतं, तेवढ्याने ड्रॉ मोकळा वाटला तर कटर लागतच नाही. नाहीतर सरळ कटरने दीड-दोन मिलिमीटर, टोपीच्या गोलाईच्या आत. खाली गेलात तर रॅपर उलगडत येतो. आता न पेटवता ओढून बघा, जाड स्ट्रॉने ताक पिताना लागतो तेवढा जोर लागला पाहिजे. अजिबात लागला नाही तर सैल वळलाय, गरम होणार. गाल आत गेले तर अजून जरासं कापा, बोटांमध्ये हलकं फिरवा, तरी नाही झालं तर डब्यात परत ठेवून द्या, महिनाभर कोरडा झाल्यावर बरेचसे सुधारतात. लांब सुई घालून वाट करतात काही जण, पण बारीकमध्ये सुई बाजूने रॅपर फोडून बाहेर येते, स्वानुभव.

पेटवायला जेट लायटर नको, एवढ्याशा तोंडावर तो क्षणात पानं करपवतो. लांब काडी किंवा साधा मऊ ज्योतीचा लायटर, काडीचं गंधक जळून गेल्यावर, ज्योत सिगारला न लावता खाली धरायची आणि सिगार फिरवत राहायचं, पापड भाजतो तसं, कडा सगळीकडून तांबूस झाल्या की मग दोन हलके झुरके.

आणि आता मुख्य गोष्ट, जी मला दोन वर्षांनी कळली. मिनिटाला एक झुरका, त्यापेक्षा जास्त नाही, आणि तोही लहान. बिडीची सवय असेल तर अजूनच अवघड, कारण बिडी ओढली नाही की विझते म्हणून हात आपोआप तोंडाकडे जातो. लान्सेरोचा निखारा लहान असतो, जोरात ओढलं की लगेच तापतो, तापला की आतलं तेल करपतं आणि कडवटपणा येतो, मग आपण म्हणतो सिगार खराब. धरायच्या जागेपासून इंचभर पुढे बोट लावून बघा, कोमट ठीक, गरम लागलं की दोन-तीन मिनिटं नुसतं खाली ठेवा. विझला तर विझला, राख झाडून, हळूच उलटी फुंकर मारून आतला जुना धूर बाहेर काढा आणि परत पेटवा, यात कमीपणा काही नाही. जास्त तापवण्यापेक्षा विझलेला परवडला.

धूर तोंडातच ठेवायचा. चवीसाठी अधूनमधून थोडासा, अगदी थोडासा, नाकातून सोडायचा, पूर्ण झुरका सोडलात तर डोळ्यांतून पाणी. पहिल्या एक-तृतीयांशात रॅपर बोलतो, मधे आतली पानं मिसळायला लागतात, शेवटी कडक पानाचा जोर. सोबत कोरा चहा किंवा बिनसाखरेची फिल्टर कॉफी मला सगळ्यात आवडते, व्हिस्की-रमबरोबर लोक घेतात पण एवढी नाजूक चव त्यात बुडून जाते असं माझं मत.

तिरका जळायला लागला तर लगेच लायटर काढू नका, मागे राहिलेली बाजू खालच्या अंगाला फिरवून धरा, पाच मिनिटांत बऱ्याचदा सावरतो. नाहीच सावरला तर तेवढ्या कडेलाच हलकी ज्योत. राख लांब ठेवायची स्पर्धा जाड सिगारवाल्यांना करू दे, बारीक राखेला आधार नसतो, अर्धा-पाऊण इंच झाली की ॲशट्रेच्या कडेला टेकवून आपोआप पडू द्या. पट्टी थंड असताना काढायला जाऊ नका, डिंक सुटलेला नसतो आणि रॅपर सोबत फाटतो, निखारा जवळ येऊन गोंद मऊ झाला की ती आपसूक सरकते.

शेवटचे दोन इंच राहिले की थांबलात तरी चालतं, बारीकमध्ये तोपर्यंत सगळं तेल मागे जमलेलं असतं आणि चव जडच होत जाते. चिरडून विझवू नका, नुसता ठेवून द्या, दोन-चार मिनिटांत स्वतःच विझतो, चिरडला की घाण वास सुटतो. आणि थोटूक घरातल्या डस्टबिनमध्ये किंवा बाल्कनीतल्या कुंडीत टाकू नका, पाण्यात भिजवून थेट बाहेरच्या कचऱ्यात, नाहीतर सकाळी सगळ्या घराला वास येतो आणि चहाच्या आधी उत्तर द्यावं लागतं.